जावयाच्या गाडीला हात लावायचा नाही

सासुरवाडीचा रस्ता खराब आहे म्हणून नाक मुरडणारे जावई पुष्कळ भेटतात. तो खराब आहे म्हणून हरखून जाणारा जावई अख्ख्या नगर जिल्ह्यात गोरक्ष एकटाच असावा. काष्टीच्या पुढे टाकळवाडी ही त्याची सासुरवाडी. गावातून सासऱ्यांच्या मळ्याकडे जाताना मध्ये एक ओढा लागतो. अलीकडे घसरडा उतार, तळाशी काळा गाळ आणि पलीकडे डोक्याएवढ्या दगडांची चढण. शहाणी माणसं लांबच्या फरशीवरून वळसा घालून जात. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली, पण गोरक्षने या ओढ्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. यंदा दिवाळीला त्याने तो पाहिला, काठावर थबकला आणि बायकोला म्हणाला, "इतकी सुंदर जागा तुमच्याकडे आहे, आणि तू कधी बोलली नाहीस." दिपालीने ओढ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि ती पिशवी सावरत पुढे चालू लागली.

गोरक्षचं सावेडीत चष्म्याचं दुकान. धंदा बरा, तब्येत बरी, संसार बरा. सगळं इतकं बरं होतं की दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी जीप विकत घेतली आणि तो 'डोंगरवाट' नावाच्या क्लबचा सभासद झाला. या क्लबची मंडळी हिवाळ्यात शनिवार-रविवार गाठून चांगले रस्ते सोडतात आणि ओढ्यानाल्यांत गाड्या घालतात. दोन्ही बाजूंना झेंड्या रोवायच्या, त्यांना धक्का न लावता गाडी मधून न्यायची आणि कुणाचीही मदत न घेता पलीकडे काढायची. अशा एका जागेला टप्पा म्हणतात आणि या सगळ्या खटाटोपाला ट्रायल. जिंकणाऱ्याला एक कप मिळतो, पण त्यासाठी माणसं असं करतात असं नाही. का करतात ते दिपालीने दोन वर्षं विचारलं आणि मग सोडून दिलं.

दोन हिवाळ्यांत गोरक्षने एकही टप्पा स्वतःच्या हिमतीवर पार केला नव्हता. पहिल्या वर्षी अकोले तालुक्यात भाताच्या खाचरात त्याची जीप बसली ती म्हशीसारखी बसलीच. दुसऱ्या वर्षी दोन ठिकाणी दोरी लावून ओढावी लागली. आता हा तिसरा हिवाळा, आणि क्लबचा नियम असा की तीन हिवाळ्यांत एकही टप्पा जमला नाही, तर त्या सभासदाने पुढे ट्रायलमध्ये गाडी चालवायची नाही. त्याने तंबू आणि चहाचं सामान सांभाळायचं. क्लबच्या अध्यक्षा डॉ. अंजुम शेख दातांच्या डॉक्टर. दाढ काढताना पेशंट कितीही कळवळला तरी त्यांचा हात थांबत नाही, आणि नियम लावताना तर कळवळण्याचीही सोय नसे. गोरक्षला चहाच्या सामानाची स्वप्नं पडू लागली होती. म्हणून त्याने डोकं चालवलं. ओढा आपल्या ओळखीचा, गाव आपलं, माणसं आपली. यंदाची ट्रायल टाकळवाडीलाच घेऊ या असं त्याने सुचवलं, आणि डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहून मान डोलावली.

गोरक्षने सासऱ्यांना फोन केला. पंधरा-वीस गाड्या येतील, शनिवार-रविवार मुक्काम राहील, काही म्हणजे काही करू नका, असं त्याने बजावून सांगितलं. वर म्हणाला, "तुमचा ओढ्याचा रस्ता खराब आहे ना मामा, म्हणून तर येतोय आम्ही." आणि गुरुवारी संध्याकाळी येऊन तो ओढ्यात लाल-पिवळ्या झेंड्या रोवून गेला.

इथेच सगळं बिनसलं. सूर्यभानराव म्हणजे बारा वर्षांचे मुरलेले सासरे. जावयाचं बोलणं सरळ घ्यायचं नसतं, हे त्यांना पाठ होतं. जावई 'काही करू नका' म्हणाला की पुरणाचा घाट घालायचा. 'नुसता चहा चालेल' म्हणाला की कोंबडं कापायचं. धोंड्याच्या महिन्यात 'मला काही नको' म्हणाला होता, तेव्हा त्यांनी अंगठी केली होती आणि ती त्याने घातलीही होती. तेव्हा 'रस्ता खराब आहे म्हणून येतोय' या वाक्याचा अर्थ त्यांना लख्ख कळला. जावयाने टोमणा मारला होता. शहरातले वीस पाहुणे घेऊन तो आपल्या गावाची शोभा बघायला येणार होता. सूर्यभानराव फोन ठेवून उठले आणि थेट सरपंचाकडे गेले.

शनिवारी सकाळी क्लबच्या गाड्या धुक्यातून टाकळवाडीत शिरल्या. उसाने लादलेल्या ट्रॉल्या बाजूला थांबवून गावाने त्यांना वाट करून दिली. हलगी वाजत होती. ओढ्याच्या तोंडाशी कमान उभारली होती आणि तिच्यावर लाल-पिवळ्या पताका फडफडत होत्या. गोरक्षने पताका ओळखल्या. त्यानेच रोवलेल्या झेंड्या होत्या त्या. मग त्याने कमानीपलीकडे पाहिलं.

ओढा नव्हता. म्हणजे पाणी वाहायला खालून मोठे पाइप घातले होते, पण गाळ, दगड, उतार, चढ यांतलं काहीही उरलं नव्हतं. त्या जागी मुरूम टाकून, रोलर फिरवून, पाणी मारून दाबलेला सपाट, रुंद रस्ता होता. दोन्ही कडांना फक्कीची पांढरी रेघ ओढली होती. असा रस्ता तालुक्यालाही नव्हता. सूर्यभानराव नवा फेटा बांधून मध्यभागी उभे होते आणि दोन रात्रींच्या जागरणाने तांबारलेल्या डोळ्यांनी जावयाकडे पाहत होते.

डॉ. अंजुम गाडीतून उतरल्या, चार पावलं चालल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनी विचारलं, "टप्पा कुठे आहे?"

"तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात," गोरक्ष म्हणाला.

मागून फरदीन नावाचा क्लबातला एक पोरगेला सभासद खाली उतरला आणि वाकून त्या मुरमाला हात लावून आला. आपल्या अम्मीला स्कूटी शिकवायला अशीच जागा शोधत होतो, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. क्लब हसला. गोरक्षला त्या हसण्यात चहाच्या किटल्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

त्याने सासऱ्यांना कमानीआड नेलं आणि ट्रायल म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगितलं. वीस शिकलेली माणसं पदरचं डिझेल जाळून, चांगला रस्ता सोडून, मुद्दाम चिखलात गाडी घालतात, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरायला वेळ लागला.

"म्हंजी चांगला रस्ता नगं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नको मामा."

"खराबच पायजे?"

"हो."

"किती खराब?"

"होईल तितका," गोरक्ष म्हणाला. तेवढ्यावर तो थांबला असता तरी चाललं असतं, पण त्याने पुढे "माझी अब्रू आहे त्याच्यात" असंही जोडलं. जावयाने अब्रूचं नाव काढल्यावर सासऱ्यापुढे दुसरा मार्ग राहत नाही. सूर्यभानरावांनी फेटा काढून खुंटाला अडकवला आणि जेसीबीवाल्याला परत बोलावणं धाडलं.

क्लबला मळ्यात हुरड्याला बसवलं. इकडे शेकोटीभोवती शहरी मंडळी तळहातावर कणसं चोळून घेत होती, लसणाच्या चटणीने पाणावलेले डोळे पुसत होती, आणि तिकडे गावाने कासोटा घातला होता. दोन दिवस घाम गाळून केलेला रस्ता मोडायचा म्हटल्यावर आधी काही म्हातारे हळहळले, पण एकदा नांगर लागल्यावर सगळ्यांना चेव आला. दोन ट्रॅक्टरांनी मुरूम उलथा केला. जेसीबीने दगड परत आणून टाकले आणि आधी नव्हते तेही टाकले. शेततळ्यावर मोटर लावून पाणी सोडलं. कुणी म्हणे इथं अजून थोडं खोल करा, कुणी म्हणे पाव्हण्यांना कमी पडायला नको. एरवी ग्रामसभेला दहा माणसं जमत नाहीत, पण रस्ता बिघडवायला अख्खी टाकळवाडी एकदिलाने राबली. दुपार कलायच्या आत ओढा असा झाला की मूळचा ओढा त्याच्यापुढे अंगण वाटावा.

डॉ. अंजुमनी काठावरून पाहिलं आणि त्या पहिल्यांदाच प्रसन्न दिसल्या. त्यांनी झेंड्या रोवल्या, शिट्टी काढली आणि ट्रायल सुरू झाली. पहिल्या तीन गाड्या गाळात बसल्या. त्यांना क्लबच्या गाडीने दोरी लावून मागे ओढलं, आणि गावाने टाळ्या वाजवल्या. स्वतः अध्यक्षा सावकाश, एकेक चाक जपत पार झाल्या. फरदीनही झाला. मग गोरक्षची जीप उतारावर आली आणि टाळ्या थांबल्या. आता विषय पाहुण्यांचा राहिला नव्हता.

एका घरचा जावई टाकळवाडीत सगळ्या गावाचा जावई असतो. त्याला बसायला घोंगडी टाकायची, त्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायची, तो विहिरीवर गेला तरी पोहरा दुसऱ्याने ओढायचा. जीपची पुढची चाकं गाळात रुतली. गोरक्षने मागचा गिअर टाकण्यासाठी दांड्याला हात घातला. दांडा हलण्याआधी जीपच हलली. आधी त्याला वाटलं, निघाली. मग त्याच्या लक्षात आलं की ती वर चालली आहे. खिडकीतून त्याला चारी बाजूंना डोकी दिसली, टोप्या दिसल्या, आणि चुलत सासरे, मावस सासरे, सोसायटीचे चेअरमन असे सगळे लग्नातले ओळखीचे चेहरे दिसले. चाळीसेक माणसांनी जीप खांद्याशी धरून ओढ्यातून पलीकडे नेली, हळूच ठेवली आणि तिच्यापुढे नारळ फोडला.

"शून्य," डॉ. अंजुम म्हणाल्या. बाहेरची मदत म्हणजे शून्य. उद्या सकाळी प्रत्येकाला आणखी एक संधी होती, आणि गोरक्षची ती शेवटची.

संध्याकाळी पारावर त्याने गावाला हात जोडून नियम समजावला. जीप अडकली तरी चालेल, उलटली तरी चालेल, पण कुणीही तिला हात लावायचा नाही. गावाला हे पटेना. जावई अडकलाय आणि आपण बघत उभं राहायचं, असा नियम ज्याने केला त्याला सासुरवाडी नसणार, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, हात लावायचा नाही हे ठीक, पण लांब बांबूने ढकललं तर चालेल का. बैलांनी ओढलं तर, कारण बैलाला हात नसतात, असंही एकाने काढलं. डॉ. अंजुम तिथेच बसल्या होत्या. त्यांनी प्रत्येक शंकेला "नाही" एवढंच उत्तर दिलं.

शेवटी सूर्यभानराव उठले. "माझं जड झालंय," ते म्हणाले, "पन जावईबापूंची इच्छा हाय. उद्या गाडीला कुनी हात लावला तर त्यानं माझ्या दारात पाय ठिवायचा न्हाई. मी बी लावनार न्हाई." मारुतीपुढे गुलाल उचलून गावाने शपथ घेतली. लंकाबाई, म्हणजे गोरक्षच्या सासूबाई, पदराने डोळे पुसत आत गेल्या.

रविवारी सकाळी चांगलीच थंडी होती. गाव ओढ्याच्या दोन्ही काठांवर घोंगड्या पांघरून बसलं होतं. काही जण स्वतःचा भरवसा नसल्याने दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते. गोरक्षने गाडी उतारावर घातली, गाळात शिरला, अर्ध्यावर पोचला आणि रुतला. काठावरून एकच हुंकार उठला. चार-सहा जण अर्धवट उभे राहिले आणि सूर्यभानरावांनी नुसतं पाहिल्यावर परत बसले.

गोरक्ष खाली उतरला. मांडीपर्यंत चिखलात गेला. स्वतःची अवजारं वापरायला नियमात मुभा होती, म्हणून त्याने मागून फावडं काढलं आणि चाकांपुढचा गाळ उपसायला सुरुवात केली. दुकानात बसणारा माणूस तो, थोड्याच वेळात त्याच्या हाताला फोड आले. जावयाला आपल्या हद्दीत फावडं मारताना पाहून एक म्हातारी तोंड फिरवून बसली. लंकाबाई तर आधीच घरी निघून गेल्या होत्या. गोरक्षने चाकांखाली दगड रचले, त्यांवर गोणपाट अंथरलं, परत आत बसला. चाकं फिरली, गोणपाट चिंध्या होऊन मागे उडालं. पुन्हा उतरला. पुन्हा उपसला. तिसऱ्या खेपेला जीपने एक आचका दिला, चाकांना दगड लागला आणि ती कण्हत, डुलत, एकाही झेंडीला न शिवता चढण चढून वर आली.

गोरक्षने गाडी बंद केली, आणि त्याला चक्क रडू आलं. आयुष्यात इतका आनंद त्याला दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता. डॉ. अंजुम येऊन म्हणाल्या, "पार. मदत नाही. आता क्लब इथून उठेपर्यंत गाडी कुणाच्या हाताला लागू देऊ नका, की झालं." टप्पा पार करायचा आणि घरी जाताना दुसऱ्याच्या दोरीला लागायचं, असे प्रकार एकदा घडल्यामुळे हा नियम आला होता. फरदीनने मिठी मारली आणि स्वतःही चिखलाने भरला. चहाचं सामान गोरक्षच्या डोळ्यांपुढून कायमचं दूर गेलं.

दुपारी मळ्यात पंगत बसली. पुरणपोळी होती, आमटी होती, पण वाढणाऱ्यांचे चेहरे उतरले होते. आग्रह होत नव्हता. सूर्यभानराव पंगतीत कुठे दिसेनात. गोरक्षने दिपालीला विचारलं, तर तिने आधी काही नाही म्हटलं आणि मग मोबाईल त्याच्या हातात दिला.

गावातल्या कुणीतरी सकाळची चित्रफीत काढली होती. तिच्यात जावई मांडीभर चिखलात फावडं मारत होता आणि सासरा फेटा बांधून काठावर हाताची घडी घालून उभा होता. मागे अख्खं गाव ढिम्म बसलं होतं. नियमबियम काही चित्रफितीत दिसत नाहीत. ती सकाळीच काष्टीला गेली, काष्टीहून श्रीगोंद्याला, आणि श्रीगोंद्याहून जिथे जिथे टाकळवाडीच्या लेकी दिल्या होत्या तिथे सगळीकडे. एका आत्याचा फोन आला की जावयाला घरातून काढलं हे खरं का. दुसरीने ऐकलं होतं की अंगठीवरून बिनसलं. तिसरी रडत रडत दिपालीला म्हणाली, तू आता माहेरीच राहणार असशील तर मन घट्ट कर. दिपालीचा मामा हनुमंत काष्टीला असतो. त्याने तर सूर्यभानरावांनाच फोन लावून विचारलं होतं, की दाजी, तुमच्या गावात माणसं कमी पडली का, आमच्याकडून चार पाठवू का. त्या फोननंतर सूर्यभानराव जे उठून गेले होते ते परतलेच नव्हते.

ते गोरक्षला कांद्याच्या चाळीमागे सापडले. पालथ्या घमेल्यावर बसून ते हातातल्या काडीने मातीत रेघा ओढत होते. फेटा मांडीवर होता.

"मामा, जेवायला चला."

"तुमी बसा. मला भूक न्हाई."

गोरक्ष म्हणाला की आपण सगळ्यांना फोन करून नियम सांगू, डॉक्टरीणबाईही सांगतील. सूर्यभानराव मान हलवत राहिले.

"काय सांगनार? आन कुनाकुनाला?" ते म्हणाले. "लोकांनी डोळ्यानं बघितलं. जावई चिखलात आन मी काठावर. तुमचं काम झालं न्हवं? मग बास. माझं जाऊ द्या." आणि जावयापुढे असं बोलून गेलो म्हणून त्यांना आणखी अवघडल्यासारखं झालं. त्यांनी घाईने फेटा उचलून झटकला.

गोरक्ष तिथून परत निघाला. ज्या माणसाने त्याच्या एका शब्दावर रस्ता केला आणि एका शब्दावर मोडला, तो त्याच्याच पायी घमेल्यावर उपाशी बसला होता. हे त्याला सकाळच्या फोडांपेक्षा जास्त झोंबलं. पंगत अजून चालली होती. क्लब चारला उठणार होता. तोवर थांबावं, मग काय ते करावं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. पण चार वाजेपर्यंत आणखी कुठल्या आत्यापर्यंत काय पोचेल याचा नेम नव्हता, आणि क्लब गेल्यावर पंचक्रोशीला साक्षीदार तरी कोण राहणार. तो जीपमध्ये बसला.

सकाळी चढलेली चढण उतरून तो सरळ गाळात शिरला. सकाळी ज्या कडेने गेला होता ती कड सोडून जिथे पाणी जास्त होतं तिथे त्याने गाडी घातली. मध्यावर जाऊन अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल माथ्यावरून उडाला आणि जीप दारापर्यंत खाली बसली. गोरक्षने गाडी बंद केली, टपाच्या कडेला धरून उभा राहिला आणि मळ्याकडे तोंड करून हाक मारली.

"मामा, अडकलो हो. निघत नाही. माणसं घेऊन या."

मग पत्रावळी तिथेच टाकून गाव उठलं. शपथ सकाळपुरती होती की दिवसभराची यावर वाद घालायला कुणीही थांबलं नाही. सर्वांच्या पुढे सूर्यभानराव धावत होते, फेटा एका हातात आणि कासरा दुसऱ्या हातात. वयाची साठी उलटलेला माणूस धोतरासकट गाळात उतरला. दोर पुढच्या बंपरला बांधला, चाळीस माणसं लागली, कुणीतरी मारुतीचा जयजयकार केला आणि सगळ्यांनी एकदम हिसका दिला. बंपर निघून आला. चाळीस माणसं एकमेकांच्या अंगावर आडवी झाली आणि जीप होती तिथेच राहिली. पण गाव आता ऐकणार नव्हतं. काहींनी चाकं धरली, काहींनी मागून खांदे लावले, सोसायटीचे चेअरमन तर गाळात पुरते आडवे झाले, आणि जीप गोरक्षसकट वर उचलली गेली. काठावर ठेवल्यावर हलगी आली, गुलाल आला. बंपरलाही गुलाल लागला, कारण तो दोघांच्या खांद्यावर मिरवत मागून येत होता. सकाळी चित्रफीत काढणारा पुढे उभा होताच. गोरक्षने त्याला हाक मारून सांगितलं, नीट काढ, सगळ्यांचे चेहरे आले पाहिजेत.

डॉ. अंजुम हातातलं ताट घेऊनच काठावर आल्या होत्या. गोरक्ष चिखलाने माखून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यांनी जीपकडे पाहिलं, सूर्यभानरावांकडे पाहिलं, मग बराच वेळ गोरक्षकडे पाहिलं.

"शून्य," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"पुढच्या वर्षी चहाचं सामान तुमच्याकडे."

"हो."

"मला चहात आलं लागतं," असं म्हणून त्या पंगतीकडे वळल्या.

विहिरीवर दिपालीने नवऱ्याच्या डोक्यावर गरम पाण्याचे तांबे ओतले. चिखल सुटता सुटत नव्हता. ती मध्येच म्हणाली, "चारी चाकं फिरवणारा तो फोर-बाय-फोरचा दांडा टाकलाच नव्हता तुम्ही. मी बघत होते."

"विसरलो असेन," गोरक्ष डोळे मिटून म्हणाला.

तिने आणखी एक तांब्या ओतला आणि पाठ जरा जास्तच वेळ चोळली. त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि तिला हा माणूस कधी नव्हे इतका आवडला, हे तिने त्याला सांगितलं नाही.

ओसरीवर जावयासाठी पाट मांडला होता. लंकाबाई स्वतः वाढत होत्या आणि एका पोळीवर दोन चमचे तूप सोडत होत्या. आग्रह परत आला होता. सूर्यभानराव अंघोळ करून, नवं धोतर नेसून, फोनवर बोलत होते. नवी चित्रफीत काष्टीला पोचली होती. पलीकडे हनुमंत होता, आणि सूर्यभानरावांचा आवाज चार घरांना ऐकू जाईल इतका मोकळा झाला होता.

"बघितलं का मेहुनं? धावून गेलो का न्हाई? अख्खं गाव हुतं," ते सांगत होते. "आरं सकाळचं काय घेऊन बसलास, सकाळी नुसतीच गंमत चालल्ती. खरं तर त्यांना गाडी येतच न्हाई. मानूस सोन्यासारखा हाय, चष्म्यात लई हुशार हाय, पन गाडीत काय दम न्हाई बघ. आज आमी नसतो तर तितंच बसले असते रातभर." मग फोनवर हात ठेवून त्यांनी पाटाकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "काय जावईबापू, खोटं बोलतोय का मी?"

गोरक्षने घास गिळला. "नाही मामा," तो म्हणाला, "तुम्ही होतात म्हणून निघालो," आणि त्याने सासूबाईंपुढे ताट सरकवून आणखी एक पोळी मागितली.